न टाकलेला शब्द

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला नवा कोच निवडायचा होता आणि निवडणाऱ्या तिघांत मी होते. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. मी रजिस्ट्रार ऑफिसात टाइमटेबल लावते. कुठला वर्ग कुठल्या खोलीत, कुठली लॅब किती वाजता, एवढंच माझं राज्य. पण कमिटीत प्रशासनातलं कुणीतरी लागतं, म्हणून मला बसवलं. डीन इजिप्तचे, विद्यार्थी विभागाचे प्रमुख केरळचे आणि मी पुण्याची.

जुने कोच वसईचे. शारजात, अल नहदाला आमच्या समोरच्या टॉवरमध्ये राहायचे. सहा वर्षं मी त्यांच्याच गाडीतून दुबईला कॉलेजात जात होते. सकाळी सव्वासहाला मिस्ड कॉल आला की मी डबा घेऊन खाली उतरायची. कॉलेजात ते मला मॅडम म्हणत, गाडीत बसलं की ताई. गावाहून कुणी आलं की वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली पिकली केळी, ठरलेली. केळीच्या सोपात बांधलेली ती जुडी डॅशबोर्डवर माझी वाट बघत असायची. या परक्या मुलखात मला रोज मराठीत बोलायला मिळायचं ते त्या तासाभरात. घरी मुलगा इंग्रजीत उत्तरं देतो आणि नवरा फोनवर असतो.

टीम वर्षभर हरत होती. डोंगरापलीकडच्या खोर फक्कान गावातली मॅच बघायला मी हौसेने गेले होते, तर पाच गोल खाऊन आलो.  परतताना बसमध्ये कोच पुढच्या सीटवर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते, लावत होते. त्यानंतर आठवड्याभरात कॉलेजने जागेची जाहिरात काढली. हवं तर तुम्हीही अर्ज करा, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी केला.

त्या दिवशी गाडीत ते म्हणाले, "ताई, मला मार्चपर्यंत राहू दिलं तरी खूप झालं. पोरीची बारावी आहे. माझा व्हिसा गेला की तिचा आणि हिचाही गेला. मार्च झाला की खलास, मी स्वतः राजीनामा देतो."

मी म्हटलं, "बघू या हो, होईल काहीतरी."

"तुम्ही आहात कमिटीवर, म्हणून मला धीर आहे," ते म्हणाले.

पण ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं की आम्ही एका गाडीतून येतो. मॅडमने आपला माणूस चिकटवला, असं उद्या कुणी म्हणालं तर? दुसरे लोक आपल्या माणसासाठी उघडपणे शब्द टाकतात, त्यात त्यांना काही गैर वाटत नाही. आपल्याकडे मात्र आपला माणूस समोर आला की आपण जास्तच ताठ होतो, त्याला दोन मार्क कमी देतो आणि त्यालाच सचोटी म्हणतो. मला तर या सचोटीचा भलताच अभिमान होता.

मुलाखतीला ते टाय बांधून आले. त्या टायमध्ये मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गाठ एका बाजूला गेली होती. डीननी दोन साधे प्रश्न विचारले. मग मी तोंड उघडलं. मुद्दाम इंग्रजीत, मुद्दाम कडक आवाजात. "वर्षभरात एकही मॅच जिंकता आली नाही. याचं कारण काय?"

कारण मला माहीत होतं. लॅब अपुऱ्या पडायला लागल्या तेव्हा मीच इंजिनियरिंगच्या मुलांचे तास संध्याकाळी टाकले होते. चार दिवसांची प्रॅक्टिस दोन दिवसांवर आली आणि त्या दोन दिवसांतही अर्धी टीम लॅबमध्ये असायची. गाडीत त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं, "ताई, ते मंगळवारचं जरा सरकवता आलं तर बघा ना." मी "बघते" म्हटलं होतं. बघितलं नाही. आखलेलं टाइमटेबल मोडायचं म्हणजे पंचवीस जणांना ईमेल करायचे. मला कंटाळा आला होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे सांगणार, असं मला वाटलं. मनातल्या मनात मी उत्तरही तयार ठेवलं होतं. ते म्हणाले, "माझी जबाबदारी होती, मॅडम. मी कमी पडलो."

मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

 ते गेल्यावर डीन माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचंय?" मी म्हटलं, "नाही. कमिटी ठरवेल ते मला मान्य आहे." केवढी निःपक्षपाती! एका तरुण, लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवणाऱ्या कोचचं नाव पक्कं झालं.

जिना उतरताना केरळचे सर हिंदीत म्हणाले, "हम तो आपके बोलने का इंतजार कर रहे थे, मॅडम. डीन मार्च तक रखने को तैयार थे. आप उनको सबसे ज्यादा जानती हैं. आप ही कुछ नहीं बोलीं, तो हमने सोचा, जरूर कोई बात होगी."

 मला वाटलं होतं, मी गप्प बसले म्हणजे बाजूला राहिले.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मिस्ड कॉल आला. मला गाडीत बसवेना, पण बसले. त्यांनी रेडिओ लावला नाही. शारजा-दुबई बॉर्डरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "असू दे ताई. तुमच्या हातात होतं तेवढं केलंत तुम्ही." तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पुढे रस्ता मोकळा झाला आणि ते राहून गेलं. महिन्याभरात त्यांनी घर आवरलं. गाडी विकायच्या आधी मागच्या सीटखाली सापडलेली माझी छत्री आठवणीने वर आणून दिली. इथे छत्री कशाला लागते, म्हणून हसले.

नव्या कोचने पहिल्याच आठवड्यात लेखी मागणी केली की प्रॅक्टिस चार दिवस हवी, लॅब सकाळी घ्या. मला ते सगळं जमवायला एक दुपार लागली.

फेब्रुवारीत जुन्या कोचचा वसईहून फोन आला. बारावीचा फॉर्म आधीच इथून भरलेला, म्हणून पोरीचं परीक्षा केंद्र शारजातच होतं, ती व्हिजिट व्हिसावर एकटी येणार होती. महिनाभर तुमच्याकडे राहील का? मी हो म्हणताना रडले, ते त्यांना कळलं नसावं.

तीन महिने घरी बसून एकटीने अभ्यास केलेली ती मुलगी वाळून आली होती. बॅग ठेवली आणि आधी तिने सुकेळीची जुडी माझ्या हातात दिली. "पप्पांनी पाठवलीय." मी विचारलं, "अभ्यास कसा झालाय गं?"

"नॉट ग्रेट, आंटी. फिजिक्सची भीती वाटते. इथे सगळे फ्रेंड्स होते ना." मग लाजत म्हणाली, "डॅड सेड यू फॉट फॉर हिम. इन दॅट मीटिंग. थँक यू, आंटी."

मी तिला जेवायला वाढलं. ती जेवून अभ्यासाला बसली. सुकेळी अजून तशीच बांधलेली फ्रीजमध्ये आहेत. माझ्याच्याने ती जुडी सोडवत नाही.