रिठाची संमती

किस्से कोणी जमवत नाही. ते कागदांना टाचून येतात, असं माझं आता मत झालं आहे. लोककथा गोळा करण्यासाठी मी उमेदीची वर्षं टेपरेकॉर्डर घेऊन केळापूर-घाटंजीकडच्या गावांत हिंडलो. निवृत्तीनंतर एका प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेच्या समितीवर 'स्थानिक जाणकार' म्हणून माझी नेमणूक झाली, आणि चहा-बिस्किटांच्या त्या बैठकांत जे हाती लागलं, ते सगळ्या भटकंतीत लागलं नव्हतं. फाइलमधला कागद यथावकाश पुढच्या टेबलावर जातो. किस्सा मात्र जिथल्या तिथे राहतो.

समितीचं काम तसं रुक्ष होतं. योजनेच्या हद्दीबाहेरच्या वस्त्या आम्हालाही पाणी द्या म्हणून अर्ज करत. त्यांना आत घ्यायचं तर कोणत्या अटींवर, याचं धोरण आम्हाला लिहायचं होतं. अध्यक्ष होते उपअभियंता वानखडे. त्यांचं तत्त्व सोपं होतं : "नळ दिला की गाव आपलं, आणि गाव आपलं झालं की तक्रार आपली." त्यामुळे अटी जपून घालायच्या. पहिली अट त्यांनीच सुचवली. नवं क्षेत्र योजनेच्या हद्दीला लागूनच असलं पाहिजे; मध्ये फट चालणार नाही. आम्ही माना डोलावल्या.

दाराजवळच्या खुर्चीवरून कमलाबाई राठोड उठल्या. डोंगराकडच्या एका तांड्याच्या नायकाची ही विधवा. पद काही नव्हतं, पण तांडा त्यांचंच ऐकत असे. तिथे एकुलता एक हातपंप होता. पाण्यात फ्लोराइड निघाल्यामुळे त्याला लाल रंग फासून झाला होता, आणि दुसरं पाणी नसल्यामुळे तांडा तेच पीत होता. चालू आराखड्यात तांड्याचं नाव लागलं तर पाणी मिळणार होतं. पुढचा आराखडा केव्हा होईल ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

"साहेब, माह्या नातवाचे पाय वाकडे होऊन राह्यले," कमलाबाई म्हणाल्या. "तुमचा नियम सरळ व्हाले किती मीटिंगा लागन?"

वानखड्यांनी नकाशा उलगडला. एका बाजूला योजना, दुसऱ्या बाजूला तांडा, आणि बरोबर मध्ये एक रीठ.

* * *

रीठ म्हणजे ओसाड पडलेलं गाव. माणसं केव्हाच निघून गेलेली असतात, पण महसुलाच्या दप्तरात गावाचं नाव आणि शीव कायम असते. शेजारच्या गावचे लोक तिथली शेतं वाहतात. काळी, म्हणजे शेताची माती, ते नांगरतात. पांढरीला, म्हणजे जिथे घरं होती त्या मातीला, नांगर लावत नाहीत.

हे गाव का उठलं, याच्या तीन गावांत मला तीन कथा मिळाल्या. एकीत पटकी, दुसरीत वाघ, तिसरीत भाऊबंदकी. कारणांत असा फरक पडणं स्वाभाविक आहे. कारणं कथेला मागाहून चिकटतात. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लोक निघाले तेव्हा चुली पेटलेल्या होत्या, एवढा तपशील तिन्ही कथांत अक्षरशः सारखा होता.

आमचा व्हॉल्व्हमन शेषराव तिथली चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पाहत असे. रिठाच्या शिवेवर पाय ठेवताना तो मोठ्यानं म्हणायचा, "येतो जी." निघताना म्हणायचा, "जातो जी." हा पूर्वीच्या मालकीचा मान राखण्याचा संकेत आहे, असं मी त्याला समजावलं. त्यानं ते नीट ऐकून घेतलं.

"तसं नाही जी," तो म्हणाला. "कोनाच्या घरात असंच घुसत नाही न आपन."

* * *

वळसा घालावा तर वनखात्याची जमीन आडवी येत होती. तेव्हा तांडा आत घ्यायचा तर आधी रीठ आत घेणं भाग होतं. मीनाताई हिंगणकर या आमच्या संगणकावरच्या कर्मचारी. अत्यंत व्यवहारी बाई, अमावास्येला हट्टानं नवी चप्पल घेणाऱ्या. त्यांनी प्रस्ताव भरायला घेतला. लोकसंख्येच्या रकान्यात शून्य टाकलं की पडदा लाल व्हायचा. पुन्हा शून्य, पुन्हा लाल. अखेर त्यांनी एक टाकला आणि प्रस्ताव सुरळीत पुढे गेला.

ही लबाडी आहे की तांत्रिक सोय, यावर आमची बरीच चर्चा झाली. शेषराव चहाचे कप उचलत होता. तो दाराशी थांबला.

"एकच काहून लिहिला, मॅडम? बाकीच्याइले वाईट नाही वाटनार?"

* * *

मोजणीला बाहेरगावचे दोघे आले होते. रिठातून तांड्यापर्यंत त्यांनी टेपनं अंतर मोजलं आणि खात्री करावी म्हणून परतताना पुन्हा मोजलं. येतानाचं अंतर कमी भरलं, आणि तेही थोडंथोडकं नव्हे. मी उतार, टेपचा झोळ, दुपारचं ऊन अशी संभाव्य कारणं मांडली. वानखड्यांना ती पटली, मोजणाऱ्यांना पटली नाहीत.

शेषरावनं एवढंच विचारलं, की जाताना त्यानं सांगितलं होतं तसं "येतो जी" म्हणून गेले होते ना? ते गेले होते, गंमत म्हणून. आणि येताना "जातो जी"? येताना विसरले.

"मंग बराबर हाये," शेषराव म्हणाला. "थोडे तिथंच राह्यले तुमी."

दोघे हसले. पण त्यातला एक त्या दिवशी नीट जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता एकटाच रिठाच्या शिवेवर जाऊन "जातो जी" म्हणून आला. नंतरच्या मोजणीत अंतर तंतोतंत जुळलं.

* * *

सर्वांत अवघड अट संमतीची होती. जे क्षेत्र आत घ्यायचं, तिथल्या रहिवाशांचा ठराव हवा. रिठात ठराव करणार कोण? बैठक या प्रश्नावर दोनदा तहकूब झाली. कमलाबाई दोन्ही वेळा आल्या, दोन्ही वेळा परत गेल्या. तिसऱ्या वेळी मी मसुदा सुचवला : बेचिराख गावाच्या बाबतीत जाहीर सूचना लावावी, पंधरा दिवसांनी जागेवर सुनावणी घ्यावी, आणि हरकत न आल्यास संमती गृहीत धरावी. वाक्य मंजूर झालं. लोकांच्या मौनाचा अर्थ लावण्यात माझा जन्म गेला होता, त्यामुळे ते लिहिताना हात अडखळला नाही.

रिठातल्या मारोतीजवळच्या निंबाला सूचना डकवली, रस्त्याकडे तोंड करून. चार दिवसांनी पाहिलं तर ती खोडाच्या पलीकडच्या अंगाला होती, पांढरीकडे तोंड करून. कागद कुठे फाटला नव्हता, सालीवर खळीचा माग नव्हता. वानखड्यांनी शेषरावला फैलावर घेतलं. त्यानं मारोतीवर हात ठेवून सांगितलं, की मी नाही.

"पन साहेब," तो पुढे म्हणाला, "वाचनारे जिकडं, तिकडंच पाह्यजे न तोंड."

सूचना तशीच राहू दिली. हे वानखड्यांचं मोठेपण, की नुसता कंटाळा, ते मी ठरवू शकलो नाही.

* * *

सुनावणीच्या दिवशी भर दुपारी आम्ही पाच जण रिठात होतो. वानखडे, मीनाताई, शेषराव, कमलाबाई आणि मी. कमरेएवढी पऱ्हाटी बोंडांनी फुटलेली, वारा नाही. मीनाताई मारोतीच्या ओट्यावर मांडीवर नोंदवही घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पाठीशी शेत, आणि शेतापलीकडे पांढरीचा उंचवटा. हरकत आली तर प्रस्ताव परत जाणार होता, आणि त्याबरोबर तांडाही.

आपल्या कार्यपद्धतीत पुकारा तीनदा करावा लागतो. वानखड्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "कोणाची हरकत आहे काय?" थोडं थांबून पुन्हा विचारलं. शेतातले होले घुमायचे थांबले, एवढंच.

शेषराव हलकेच पुढे आला. "दोनदा झालं, साहेब. पुरे आता. रिठात तिसऱ्यांदा इचारत नसते. तिसऱ्यांदा इचारलं त उत्तर येते."

वानखड्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन पुकारे नसले तर इतिवृत्त ग्राह्य धरलं जाणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी कमलाबाईंकडे पाहिलं.

"इचारा साहेब," कमलाबाई म्हणाल्या. "आलं त आलं."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

काही झालं नाही. मीनाताई मान खाली घालून उपस्थितांची नावं लिहीत होत्या, आणि लिहिता लिहिताच म्हणाल्या, "पाणी किती वाजता सोडणार, असं विचारतायत सर."

"कोण?"

"या मागच्या बाई." दाखवण्यासाठी त्यांनी पेन खांद्यावरून मागे केलं, मग स्वतः वळून पाहिलं, आणि पेन तसंच राहिलं.

मागे पऱ्हाटी होती.

वानखडे हसून वेळ मारून नेतील असं मला वाटलं. पण त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला, घसा साफ केला, आणि ग्रामसभेत बोलतात त्याच आवाजात त्या दिशेला सांगितलं, "एक दिवसाआड. सकाळी सहाला."

कमलाबाई पदर सावरून दोन पावलं पुढे गेल्या.

"पह्यले तुमी भरा, बाई," त्या म्हणाल्या. "आमी थांबतो."

मीनाताई अजून मागेच पाहत होत्या. वडीलधाऱ्या बाईनं काही सांगितल्यावर हलवावी तशी त्यांनी मान हलवली. मग वहीकडे वळल्या आणि लिहिलं, 'हरकत नाही.'