मामाच्या हातचा गुळाचा खडा

फोन आला तेव्हा मी सरकी काढायच्या जिनाचा, म्हणजे मशीनचा, पट्टा बसवत होतो. दुपारचे अडीच वाजले असतील. सुजाताचा भाऊ एवढंच म्हणाला, "मामा, ताई गेली..." आणि खोटं कशाला सांगू, मी पट्टा पुरता बसवला, बोल्ट आवळले, मग खाली बसलो. पस्तिशीही न गाठलेली माझी भाची नागपूरच्या दवाखान्यात जीव सोडते आणि हा बाबा बोल्ट आवळतो! दीड महिना झाला, स्वतःवरचा राग काही जात नाही.

हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये मी तीस वर्षं फिटर होतो. सुजाता लहान असताना सरकीच्या ढिगावर बसून डोकं खायची. "हे काऊन फिरते, मामा? थांबलं तं काय होते?" पुढे शिष्यवृत्ती मिळवून ती कापड तंत्रज्ञानात मास्टर्स करायला इंग्लंडला गेली. बुद्धविहारात साऱ्या वस्तीनं सत्कार केला. मी बहिणीला म्हणालो, "हे पोट्टी आता काई वापस येत नाई." पण ती आली. तिकडची चांगली नोकरी सोडून तिनं गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं जिनिंग आणि सूतकताई उभी केली. पहिला माणूस म्हणून मला घेतलं. "मामा, तुमच्या कानाले मशीनचं जे समजते ते माह्या पुस्तकात नाई," म्हणाली. फुगलो मी. कोण नाही फुगणार!

आणि त्याच फुगलेपणात घोळ केला. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांसाठी मास्क आणले, चांगले, महागाचे. आमच्यात मास्क कोण बांधतो? कामाची पाळी सुटली की दाराशी हातावर गुळाचा खडा पडतो, तो खाल्ला की छातीतली रुई धुऊन निघते, हे आम्ही बापजाद्यांपासून ऐकत आलो. मी डबा पुढे केला तर सुजाता म्हणाली, "मामा, गुळानं फुप्फुस साफ होत नाई." तेही कामावरच्या बाया धरून बारा जणांसमोर. माझं डोकंच सटकलं. "विलायतेचं पाणी प्याली म्हून मामाचा गूळ चालत नाई काय तुले?" बाया खो खो हसल्या. सुजाता हसली नाही. तिनं हात पुढे केला, खडा घेतला आणि मुकाट्यानं तोंडात टाकला. पोरगी आपली राहिली, असं मी गावभर सांगत फिरलो. मास्क खिळ्याला लटकले, आणि महिन्याभरात तिचाही त्यांच्या शेजारी आला.

गेल्या दिवाळीनंतर तिला खोकला लागला. "कापसाचा खोकला हाय, हंगाम निघाला की जाते," मी म्हणालो. जिनवाल्यांचं हे ठरलेलं निदान. तिनं एकदाच विचारलं, "मामा, डॉक्टरले दाखवू काय?" मी म्हणालो, "कापूस आवारात पडून हाय अन् तू कुठी चालली? होळीनंतर पाहू." एवढी शिकलेली पोरगी, माझं ऐकलं तिनं... होळीनंतर फुप्फुसाचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर...

शेवटी भेटलो तेव्हा तिला नीट बोलवत नव्हतं. माझा हात धरून म्हणाली, "मामा, बायाईले मास्क बांधाले लावजा. माह्यं नाई ऐकलं त्याईनं, तुमचं ऐकतीन." एका शब्दानंही मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं हो.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि तिच्या भावानं शेड उघडलं. मी खिळ्यावरचा माझा मास्क काढून पहिल्यांदा स्वतः बांधला. बाया या वेळी हसल्या नाहीत. तिचा मास्क अजून तिथंच लटकतो, त्याला कोणी हात लावत नाही. गूळ बंद करायला गेलो तर बाया रुसल्या, म्हणून देतो, पण आधी प्रत्येकीला विचारतो, खोकला आहे का, किती दिवसांचा. पंधरा दिवसांच्या वर असला तर दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही, दवाखान्यात पाठवतो. सवयीनं खडे मात्र मी सुजातालाही धरून काढतो आणि शेवटी एक हातात उरतो.

परवा कामावरच्या रेखानं खडा घेतला आणि उलट मलाच विचारलं, "मामा, तुमचा खोकला किती दिवसाचा हाय?"

किती दिवसांचा! कितीक हंगाम गेले, मी कधी मोजलेच नाहीत. हातात सुजाताच्या वाटणीचा खडा तसाच होता. तो डब्यात टाकला, झाकण लावलं आणि म्हणालो, "उद्या मी कामाले येत नाई. दवाखान्यात जातो."