टॉवेलवरून

"पोरगी हुशार हाय. पर आधी टॉवेल टाका."

स्वयंपाकघरातून आप्पांच्या बायकोचा, त्या घरातल्या सासूबाईंचा, आवाज आला. मी बाहेर, आप्पांच्या पलंगापाशी. त्यांच्या सूनबाई आल्या. आप्पांच्या ऑपरेशन झालेल्या पायावर त्यांनी जाड टॉवेल पसरला, कडेनं नीट खोचला. आप्पांना थंडी वाजत होती म्हणून नव्हे. माझा हात लागू नये म्हणून.

मी फिजिओथेरपी असिस्टंटचं शिक्षण घेते. साताऱ्याहून फलटणला यायचं, आप्पांकडून गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायचे, हे माझं काम. पहिल्या दिवशी टॉवेल नव्हता. आप्पा फौजेतून निवृत्त. माझे बाबाही फौजेत होते हे ऐकून खूश झाले.

"कुठली पलटण गं?"

मी सांगितली. इंग्रजी शाळेत सव्वीस जानेवारीला सांगायचे तशीच, ताठ मानेनं. त्या नावातच आमची जात होती. आप्पा छताकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवसापासून टॉवेल.

मांडीचा स्नायू आवळला की नाही, ते तळव्याला कळतं. गुडघ्याच्या वर हात ठेवायचा, पाय खाली दाबायला सांगायचं, थांबायचं. जाड टॉवेलवरून काही कळत नाही. मी अंदाजानंच म्हणायचे, "छान." फाईलमध्ये लिहायचे, 'रुग्ण थकलेला, व्यायाम अपुरा.' आमच्या कॉलेजच्या मॅडमनीच सुचवलं होतं.

"ॲडजस्ट कर. मोठं घर आहे. तुझ्या प्रॅक्टिकलच्या तासांवर त्यांची सही लागते."

सही नाही तर तास नाहीत. तास नाहीत तर परीक्षा नाही. मी मान हलवली. मला ते चांगलं जमतं. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून कवठे महांकाळला घरी फोन करायचे. आई विचारायची, "दमलीस व्हय?" मी म्हणायचे, प्रवासानं.

नवव्या दिवशी कोन मोजला. गुडघा पहिल्या दिवसाइतकाच वाकत होता. सूनबाई दारात उभ्या होत्या.

"रोज येतीयास, मग करतीयास काय गं? इंग्लिश शाळंत शिकलीयास म्हणं."

मी आप्पांकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. ते छताकडे बघत होते.

फाईल उघडली. एकाखाली एक त्याच ओळी, माझ्याच अक्षरात. रुग्ण थकलेला. रुग्ण थकलेला. आप्पा एक दिवसही थकले नव्हते. थकले होते मी.

जुनं काही खोडलं नाही. खाली नवी ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचली. आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला.

"माझ्या जातीमुळे या घरात मला रुग्णाच्या पायाला हात लावू दिला नाही, म्हणून गुडघा वाकत नाही."

मग फाईल आप्पांच्या पुढ्यात धरली.

"आप्पा, टॉवेल काढा. नाहीतर याच ओळीखाली सही करा."