ब्याण्णव टक्क्यांवर अडलेलं लग्न

फलटणला माझं लग्नाचे व्हिडिओ जोडून देण्याचं छोटं दुकान आहे. एका सकाळी जवळच्या गावातल्या एक मावशी आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. त्यांचा मुलगा फौजेत. सुट्टी मिळाली नाही, म्हणून बहिणीच्या लग्नाला तो येऊ शकला नव्हता. त्या दुपारी त्याची तुकडी डोंगरावरच्या चौकीकडे निघणार होती आणि तिथं फोन लागत नाही. त्याआधी लग्न त्याच्या फोनवर पोचायला हवं होतं.

व्हिडिओ जोडून तयार होता. फक्त एक्स्पोर्ट करायचा, म्हणजे सगळ्या तुकड्यांची मिळून एक फाइल काढायची. बटण दाबलं. पट्टी सरकत ब्याण्णव टक्क्यांवर गेली आणि एरर आली.

डिस्कवर जागा केली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा ब्याण्णव. हलकी फाइल काढून पाहिली. तेच.

"व्हतंय का गं?" स्टुलावर पदर आवळून बसलेल्या मावशींनी विचारलं.

"होतंय, मावशी."

मग व्हिडिओचे दोन भाग केले. पहिला सुरळीत निघाला, दुसरा अडला. त्याचे परत दोन. असं करत एका क्लिपवर आले. तीच खराब होती. मुलानं छावणीतून पाठवलेली. कॅमेऱ्याकडे न बघता तो बहिणीला म्हणत होता, "सुखानं ऱ्हा. माझी काळजी करू नगं."

ही क्लिप काढली तर फाइल लगेच निघेल, असं मी सांगितलं.

मावशी उठून उभ्या राहिल्या. "आगं, लग्नात त्यो तेवढाच तर हाय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाचाच होता. "आई, गाड्या लागल्या."

मी ती क्लिप दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून नव्यानं काढली, जुनीच्या जागी बसवली आणि बटण दाबलं. नव्वद. एक्याण्णव. ब्याण्णव. पट्टी थांबल्यासारखी वाटली. त्र्याण्णव दिसलं तेव्हा मावशींनी माझा खांदा गच्च धरला.

फाइल पाठवली. बऱ्याच वेळानं चालत्या गाडीतून मुलाचा फोन आला.

"मिळालं? बरं झालं. उसाला पाणी दिलंय रं. तू जेवलास का?" मावशी विचारत होत्या, पण फोन मध्येच तुटला.

"परत लागंल का गं?"

"आता नाही लागायचा, मावशी."

त्या तशाच बसून राहिल्या. मीही दुसरं काम काढलं नाही.