दोन तालुक्यांतली एकच बाई

रामदासपेठेतल्या एका इमारतीत बसून मी दवाखान्यांच्या नोंदी जुळवतो. कामाचं नाव फार मोठं आहे. खरं म्हणजे एवढंच, की दवाखान्यांचे संगणक एकमेकांशी बोलत नाहीत आणि सिकलसेलवर संशोधन करणाऱ्या आमच्या डॉक्टरांना ते बोलायला हवे असतात. हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही, पण नवराबायको दोघंही वाहक असले तर बाळाला आजार होऊ शकतो.

कुही तालुक्याच्या संगणकात रिकामा रकाना म्हणजे तपासणी झाली नाही. सावनेरच्या संगणकात रिकामा रकाना म्हणजे दोष नाही. हे कळण्यात आमचा एक उन्हाळा गेला.

पुढचा घोळ असा की कुहीकडच्या गरोदर बाया सातव्या महिन्यानंतर नाहीशा व्हायच्या. मोठ्या डॉक्टरांनी अहवालात ‘उपचारांबाबत अनास्था’ असं लिहूनही टाकलं. आम्हा सगळ्यांच्या बायका-बहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरीच गेलेल्या, पण कुणाच्या डोक्यात आलं नाही. संगणकासमोर बसलं की माणूस आपलं घर विसरतो. बाई डोहाळजेवण आटोपून माहेरी जायची आणि तिथल्या दवाखान्यात बापाच्या नावानं नवीन बाई म्हणून दाखल व्हायची.

मग मी नियम केला: इथे सातव्यात हरवलेली आणि तिथे आठव्यात उगवलेली, वय आणि रक्तगट सारखा, तर एकच बाई समजायची. पहिल्याच फेरीत एक जोडी लागली. ओळख पटू नये म्हणून नावं काढलेली असतात. रक्तगट आणि गाव ठेवलेलं असतं. गाव आमचं होतं, आणि त्या दुर्मीळ रक्तगटाच्या बाटलीसाठी आम्ही एकदा अख्खं सावनेर पालथं घातलं होतं. ती माझी धाकटी बहीण होती.

कुहीत लिहिलं होतं, वाहक, नवराही वाहक. सावनेरात लिहिलं होतं, तपासण्या आधीच झाल्या, सगळं ठीक.

कुहीत तपासणी झाली तेव्हा तिच्या शेजारी सासू बसली असणार, सावनेरात नर्सनं विचारलं तेव्हा आई. दोष आपल्याकडून गेला, हे आईनं मनाला लावून घेतलं असतं, म्हणून बहीण गप्प राहिली. म्हणजे बाळाचं रक्त तपासायचं कुणाला सुचणारच नव्हतं. इथली माहिती बाहेर न्यायची नाही, असं मी सही करून दिलं होतं. त्या सहीचा मला भयंकर राग आला.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये जाऊन मी स्वतःचं रक्त दिलं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

रविवारी सावनेरला जेवताना मी म्हणालो, “मी सिकलसेलची तपासणी केली. वाहक निघालो.”

बहिणीचा घास हातातच राहिला.

“काहून केली गा?” आईनं वरण वाढत विचारलं.

“ऑफिसात सगळेच करून राहिले होते.” हे साफ खोटं होतं.

बहीण ताटाकडे बघत म्हणाली, “मले बी हाय, आई. अन् तुह्या जावयाले बी.”

आता रडारड होणार असं मला वाटलं. आईनं वरणाचं भांडं खाली ठेवलं. “मले बी हाय,” ती म्हणाली. “गावच्या शाळेत सगळ्यायची तपासणी लागली होती, तवाच निघालं. तुमचे लग्न व्हायचे होते, म्हून कोणाले सांगितलं नाही.”

एका घरातली तीन माणसं, आणि एकीची नोंद दुसऱ्याला ठाऊक नाही. मी मात्र कुही आणि सावनेर जोडत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी आई बहिणीबरोबर दवाखान्यात गेली. नर्सनं काही विचारायच्या आत म्हणाली, “लिहा बाई, पोरीले हाय, जावयाले हाय, अन् मले बी हाय.” बाळाची तपासणी तिथेच ठरली. संगणकात बाळाच्या आजीसाठी रकाना नव्हता, म्हणून नर्सनं ते शेऱ्यात लिहिलं. शेरा आमचा प्रोग्राम सगळ्यात आधी फेकून द्यायचा. आता फेकत नाही.

मुलगी झाली. टाचेतून रक्त घेतलं. निकाल येईपर्यंत आईनं बाळाचं सगळं केलं, पण कौतुकाचा एक शब्द काढला नाही. निकाल आला: आजार नाही, फक्त वाहक. मग तिनं नातीला मांडीवर घेतलं, नाकडोळे निरखून पाहिले आणि बहिणीला म्हणाली, “आपल्यावरच गेली वं पोरगी.”