होळीले चाळीस, दिवाळीले तीस

डिपस्टिक बाहेर काढायची, तिच्या टोकाचं तेल अंगठा आणि तर्जनीत घोळायचं, बोटं हळूच फाकवून मधली तार किती लांबते ते बघायचं, आणि मगच बोलायचं. आमच्या ट्रान्सपोर्टच्या मिस्त्रींची ही रीत. बोलायचे तेही एवढंच, "होळीले चाळीस, दिवाळीले तीस."

म्हणजे होळी पेटली की ट्रकच्या इंजिनात चाळीस नंबरचं घट्ट तेल, थंडी लागली की तीस नंबरचं पातळ. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात पातळ तेलाचं पार पाणी होतं. ड्रायव्हर चिडवत, "मिस्त्री, चाखून पाहा ना गा." ते खरंच बोट जिभेला लावत आणि म्हणत, "मीठ कमी आहे."

मी तिथे स्टोअरचा बाबू, नवा. ऐन वैशाखात मिस्त्री पुतणीच्या लग्नाला काटोलला गेले. इकडे एका ट्रकचं तेल बदलायचं होतं. चाळीस नंबर संपलेलं, तीसचा अर्धा ड्रम पडलेला, ड्रायव्हर घाईत.

"दहा नंबरांनी काय आभाळ कोसळतं? टाक," मी ऐटीत म्हणालो. मोठा शहाणा ना मी.

खापरखेड्याच्या वाटेवर भर दुपारी इंजिन जाम झालं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे तेल टाकायला कोणी सांगितलं?" मिस्त्री त्याच सकाळी परतले होते. हाताची हळदही गेली नव्हती. त्यांनी ते जळकं तेल बोटांत घोळलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मीच सांगून गेलो होतो, मालक. चुकलं."

नंतर मी त्यांना गाठलं. "असं का बोललात?"

"तुमची नोकरी कच्ची, बाबू. घरी तान्हं लेकरू. माह्यावर मालक दोन दिवस चिडन, अन् इसरन."

मालक विसरलेही. ड्रायव्हर विसरले नाहीत. म्हाताऱ्याची पारख गेली, असं जो तो म्हणू लागला. डिपस्टिक निघाली की मिस्त्री सवयीने बोटं पुढे करत. ड्रायव्हर डिपस्टिक फडक्याने पुसून परत खोचून टाकत. स्टोअरच्या खिडकीतून मी हे रोज पाहत होतो. माझी नोकरी पक्की झाली, तरी तोंड उघडलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू. लाज वाटते हो आता. दिवाळीआधी मिस्त्रींनी यायचंच सोडलं.

पुढची होळी त्यांनी पाहिली नाही. मी घरी भेटायला गेलो. त्यांच्या बायकोने चहा दिला आणि ती समोर बसली.

"आखरीले नुसती बोटं चोळत बसत, बाबू. जन्मभर तेल पाह्यलं, अन् आपलीच पारख चुकली म्हणत. लयच मनाले लावून घेतलं त्यायनं. मानसाचं चुकतं ना कधी?"

म्हणजे तिलाही त्यांनी खरं सांगितलं नव्हतं.

कप माझ्या हातात तसाच होता. "चुकतं, वहिनी," मी म्हणालो.