पायरीगणिक एक शब्द

वडील इंग्रजीचे मास्तर होते. रोज सकाळी मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरातून ते मला गंगेकाठी पंचगंगा घाटावर नेत आणि पायरीगणिक एक ‘नेस’वाला शब्द विचारत. डार्कनेस, अंधार. काइंडनेस, दयाळूपणा. ते माझ्या मागे, एक पायरी वर उभे राहत. उत्तराला उशीर झाला की खाकरत. अर्थ चुकला तर परत वर जाऊन पहिल्या पायरीपासून सुरुवात. एकदा अंगात ताप असताना त्यांनी मला चारदा वर चढवलं. ते मी विसरलेले नाही.

त्यांच्या अस्थी घेऊन भाऊ पुढे उतरत होता, तेव्हा माझे पाय आपोआप प्रत्येक पायरीवर थांबत होते. मागचे लोक खोळंबले, आणि मी ओठांतल्या ओठांत अर्थ पुटपुटत राहिले.

काल मुलीबरोबर उतरताना पाण्याजवळच्या पायरीवर थबकले. तिथला शब्द फर्गिव्हनेस. अर्थ पाठ आहे, क्षमा. पण तो तोंडातून निघेना.

“आई, रुकलीस का? चल ना,” मुलगी पुढून म्हणाली.

माझ्या मागे, एक पायरी वर, कोणीतरी खाकरलं.

मी वळून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. तरी मी मुकाट्याने वर चढू लागले, पहिल्या पायरीकडे.